वरीलप्रमाणे

पाटीवरचा शब्द तीन वेळा बदलला, जिने मात्र तेवढेच राहिले. मावशी कामाला लागली तेव्हा फाटकावर 'वृद्धाश्रम' लिहिलेलं होतं. पुढे कुणाला तरी तो शब्द बोचला, म्हणून 'ज्येष्ठ निवास' झालं. गेल्या वर्षी रंगारी पुन्हा शिडी घेऊन आला आणि 'ज्येष्ठ'वर रंग फासून नुसतं 'निवास' ठेवून गेला. जाताना म्हणाला, "असंच चाललं तर पुढच्या खेपेला कोरी पाटीच रंगवायला बोलवाल."

आत मात्र जुनेच शब्द सुखाने नांदत होते. स्वयंपाकी सगळ्यांना मिळून 'पिकली पानं' म्हणायचा, तेही प्रेमाने. कपडे धुणारी बाई 'खोडं' म्हणायची, तेही काही रागाने नाही. मोठ्या सिस्टर कागदावर 'रहिवासी' लिहायच्या आणि तोंडाने 'पेशंट' म्हणायच्या. सकाळपाळीची ताई ऐंशी-ऐंशी वर्षांच्या माणसांना 'बाळ' म्हणायची. "बाळ, आऽ करा. बाळ, पाय वर घ्या." तिला सगळे घाईताई म्हणत, कारण इथलं उरकून सव्वादोनला तिला दुसऱ्या कामावर हजर व्हायचं असे. आणि मावशी? मावशी कुणाला काहीच म्हणायची नाही. ती खाटांचे आकडे बोलायची. नऊ नंबर जेवला, चौदा नंबरचा ताप उतरला. बावीस खाटा, दोन गुडघे आणि दुपारी दोन ते रात्री नऊची पाळी. यात आकड्यांपलीकडे जायला जीव उरत नसे.

प्रत्येक खाटेच्या पायाशी चिमट्यात एक तक्ता अडकवलेला होता. दिवसाला दोन ओळी, वरची सकाळपाळीची, खालची दुपारपाळीची. खाणं, झोप, औषध असे रकाने आणि सगळ्यांत शेवटी अंगठ्याएवढा एक रकाना, 'मनःस्थिती'. मावशी नवीन होती तेव्हा एका जुन्या बाईने तिला तिथे काय लिहायचं ते शिकवलं होतं. "वर जे असेल त्याच्याखाली 'वरीलप्रमाणे' टाकायचं आणि मोकळं व्हायचं. रिकामं ठेवलंस तर बोलणी बसतात, वेगळं लिहिलंस तर चौकशी लागते." ती बाई केव्हाच गेली. शिकवण राहिली. पाळी संपता संपता मावशी हातात पेन घेऊन खाटांच्या रांगेतून फिरायची आणि बावीस वेळा तो एकच शब्द लिहायची. वर काय आहे ते वाचायलासुद्धा थांबावं लागत नसे.

त्या सोमवारी ती दोनला आली, पदर खोचला आणि सूचना लावायच्या फळ्याकडे सहज नजर गेली. खडूने लिहिलं होतं: गुरुवारी डॉक्टरांनी तपासल्यावर वर हलवायचे, सात नंबर.

वर म्हणजे तिसरा मजला. भान हरपलेल्यांचा. तिथल्या दाराची कडी बाहेरून होती आणि खिडक्यांच्या काचा दुधी होत्या, म्हणजे कुणी बाहेर पाहून कासावीस होऊ नये. तिथून कुणाला खाली आणलेलं मावशीने तरी पाहिलं नव्हतं.

सात नंबरच्या खाटेवर दीड महिन्यापूर्वी आलेल्या ऑपरेटरबाई होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेली बाई. नजर अधू झाली होती, लिहिणं-वाचणं सुटलं होतं, पण डोकं असं की परवाच त्यांनी मावशीला, आता अस्तित्वातही नसलेल्या तीस-चाळीस दुकानांचे नंबर एका दमात म्हणून दाखवले होते. वर आणि, "तू उशीचा अभ्रा उलटा घातलायस, शिवण गालाला लागते," असं ऐकवलंही होतं. ही बाई बेभान असेल तर आपण सगळ्यांनीच बोजे बांधून वर जायला हवं, असं मावशीच्या मनात आलं. ती तशीच मोठ्या सिस्टरांच्या टेबलाशी गेली.

"सिस्टर, फळ्यावर काहीतरी चुकलंय. सात नंबर डोक्याने ठणठणीत आहे."

मोठ्या सिस्टरांनी मान वर न करता एक फाईल तिच्याकडे सरकवली. "सहा आठवडे सलग एकच नोंद असली की नाव आपोआप वर जातं. नियम आहे. वाच."

मावशीने चष्मा लावला. घाईताईचं तिरकं अक्षर होतं. 'बोलत नाही. हाक मारल्यास बघते, उत्तर नाही. भ्रमिष्ट.' त्याच्याखाली गोल, सुबक अक्षरात, वरीलप्रमाणे. दुसऱ्या दिवशी, 'भ्रमिष्ट.' वरीलप्रमाणे. पुढे पुढे घाईताईनेही शब्द तोडून नुसतं 'भ्र.' केलं होतं. मावशीचा शब्द मात्र रोज पुरता होता, काना-मात्रा सांभाळून लिहिलेला. बेचाळीस वेळा.

"सकाळची बाई चुकेल एखादवेळ," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पण दोन पाळ्या, दोन माणसं, एकच मत. मग शंका कशाची घ्यायची? पुतण्यालाही कळवलंय. तो म्हणाला, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

मावशीने फाईल मिटून परत ठेवली. नोकरीची तीन वर्षं उरली होती. ती औषधांचा ट्रे उचलून बाहेर आली आणि चहा होईपर्यंत सात नंबरकडे फिरकलीच नाही.

चहाच्या वेळी ऑपरेटरबाई खिडकीशी बसल्या होत्या.

"मावशी, आज तुझी चाल वेगळी वाजतेय. गुडघा का?"

"गुडघा तर आहेच." मावशीने कप त्यांच्या हातात नीट धरवला. "बाई, एक विचारू? तुम्ही सकाळी बोलत का नाही?"

"बोलायचं नसतं म्हणून. उजाडल्यापासून बारापर्यंत मौन. चौदा वर्षं झाली." त्यांनी फुंकर घालून एक घोट घेतला. "चौतीस वर्षं सकाळी सातला कानाला यंत्र लावलं की तोंड दुसऱ्यांचं. हॅलो, नंबर सांगा, लाईन व्यस्त आहे. देवाचं नाव घ्यायचं म्हटलं तर तोंड रिकामं सापडायचं नाही. निवृत्त झाले त्या दिवशी ठरवलं, आता सकाळ त्याची. त्याच्याशी जे बोलायचं ते आतल्या आत. बारा वाजले की तुम्ही आहातच."

"हे इथे कुणाला सांगितलंत?"

"आले त्या दिवशी ऑफिसातल्या माणसाला सांगितलं. तो 'हो हो' म्हणाला. आणि ती तुमची सकाळची, बाळ-बाळ करणारी, तीही दोन दिवस विचारून गप्प झाली. बारानंतर ती या बाजूला फिरकतच नाही. मला वाटलं, समजून घेतलं बिचारीने. रोज जपात तिच्यासाठी एक माळ जास्त धरते मी."

मावशीला आधी हसू आलं. तिने इकडेतिकडे पाहून फळ्यावरचं सगळं सांगितलं. घाईताईने काय लिहिलं ते सांगितलं. आपलं सांगायचं टाळलं.

ऑपरेटरबाईंनी आणखी एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "भ्रमिष्ट. शब्द तरी भारदस्त शोधला. माझी सासू होती, तिला सगळे 'चळली' म्हणायचे. त्या मानाने माझी बढतीच म्हणायची."

"थट्टा नका करू. गुरुवारी डॉक्टर सकाळी दहाला येतात. एक दिवस बोला त्यांच्याशी. चार वाक्यं. देव काही रागावणार नाही."

"देव रागावत नाही गं. तो प्रश्नच नाही." त्यांचा आवाज खाली गेला. "ताप आला तेव्हा वाटलं, एक दिवस. बहीण गेली, लोक भेटायला आले, तेव्हाही वाटलं, एक दिवस. माझं घर गेलं, डोळे गेले, कपाटाची किल्लीसुद्धा पुतण्याकडे. माझं म्हणून एवढंच राहिलंय. तेही डॉक्टरला घाबरून सोडलं तर खाली राहून तरी करू काय?"

"आणि वर नेलं तर? खिडकी नाही तिथे."

"मला खिडकीतून कुठे दिसतंय. ऊन कळतं तेवढंच." पण कप ठेवताना त्यांचा हात टेबलाच्या कडेवर आपटला. "दुपारपाळीत तर मी तुझ्याशी तास-तास बोलते. तू काय लिहिलंस?"

मावशी कपाखालची सांडलेली चहाची वर्तुळं पुसत राहिली.

"मावशी."

"वरीलप्रमाणे," ती म्हणाली. "सगळेच लिहितात. बावीस तक्ते असतात, बाई. शेवटी शेवटी पाय उचलत नाहीत."

"म्हणजे तू पाहिलंच नाहीस."

"तुम्हाला पाहते की रोज."

"मला पाहतेस. पण माझ्याबद्दल कागद बोलत होता, तेव्हा तू तिथे नव्हतीस." हे त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या थकलेल्या वाटल्या. पाठीमागची उशी चाचपून त्यांनी डोळे मिटले. मावशी ट्रे घेऊन पुढच्या खाटेकडे गेली, कारण आठ नंबर मघापासून घंटी वाजवत होता.

मंगळवार तसाच गेला. मोठ्या सिस्टरांच्या टेबलासमोरून मावशी चारदा गेली आणि चारदा तिला काहीतरी दुसरंच काम आठवलं.

बुधवारी सकाळी ती घरी ओट्याशी भाजी निवडत होती. बाहेरच्या खोलीत सून आपल्या आईशी फोनवर बोलत होती. दोघींचं ठीक चाललं होतं. भांडण, कुरबूर काही नव्हती. "हो, आहेत बऱ्या. नाही, आता जरा विसरायला लागल्यात. परवा भाजीत दोनदा मीठ पडलं. वय झालं, दुसरं काय. मग? नेहमीचंच, त्यात काय सांगायचं."

मावशीचा हात थांबला. दोनदा मीठ पडलं होतं हे खरं. त्या दिवशी दोन खाटांवरची माणसं एका पाठोपाठ एक दवाखान्यात हलवावी लागली होती आणि ती घरी आली तेव्हा तिला स्वतःचे तळवेसुद्धा परके वाटत होते. सुनेने विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण तिनेही विचारलं नव्हतं आणि हिनेही सांगितलं नव्हतं. आता पलीकडच्या घरी ते विहिणीच्या कानावर गेलं. उद्या ती आणखी कुणाला सांगेल, तेव्हा त्यात सुनेचा जरासुद्धा दोष नसेल. सगळे चांगली माणसं आणि सगळ्यांना घाई. मावशीने भाजीचे देठ गोळा केले. या वयात आपल्याला काय काय म्हणत असतील, याची मोजदाद तिने केली नाही. तिला फक्त एवढं कळलं, की उद्या दहाला आपण घरी बसू शकणार नाही.

गुरुवारी ती पावणेदहालाच पोचली. दारातच घाईताई भेटली, हातात ओल्या चादरींचा बोचका. "मावशी? दिवस चुकलात का वेळ?"

"तुलाच गाठायचं होतं. सात नंबर बारापर्यंत मौन पाळते गं. व्रत आहे तिचं."

घाईताई बोचक्यासकट उभी राहिली. "काय सांगता. मी तर रोज तोंडाशी चमचा नेऊन, बाळ बोल, बाळ बोल करत होते." मग हळूच, "पण मावशी, तुम्ही खाली वरीलप्रमाणे लिहायचात. मला वाटायचं, तुमच्याशीही बोलत नसेल. तुम्ही वेगळं लिहिलं असतंत तर मी विचारलं असतं ना."

बोलता बोलता दहा वाजले होते. मावशी आत गेली.

डॉक्टर खाटेशी स्टूल ओढून बसले होते. तरुण नव्हते, पण या इमारतीत तरुणच म्हणावेत असे. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मोठ्या सिस्टर फाईल धरून उभ्या.

"आजी, नमस्कार. आज वार कोणता, सांगता का?"

ऑपरेटरबाईंनी हात जोडले. मान किंचित झुकवली. ओठ मिटलेलेच.

"आपण कुठे आहोत आत्ता?"

त्यांनी उजवा तळवा ओठांवर ठेवला आणि नंतर छातीवर. पुन्हा ओठांवर, पुन्हा छातीवर. डॉक्टरांनी लिहिलं, 'हातवारे, एकाच क्रियेची पुनरावृत्ती.' ते लिहिताना हळू आवाजात उच्चारायची त्यांना सवय होती, म्हणून मावशीला ऐकू आलं.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "त्यांचं मौन आहे. बारानंतर बोलतात. माझ्यापेक्षा चांगलं बोलतात."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुमची ड्युटी दोनला आहे."

"हो. म्हणूनच मला माहीत आहे. मी दोन ते नऊ यांना बोलताना ऐकते."

डॉक्टरांनी फाईल मागून घेतली, पानं चाळली. "दोन ते नऊची नोंद कुणाची? ही गोल अक्षरातली?"

"माझी."

"मग इथे तर तुम्हीच..."

"ते मी न वाचता लिहिलं. रोज. वर काय आहे ते न बघता." मावशीला वाटलं होतं, हे बोलताना आवाज कापेल. तो कापला नाही, फक्त फार जुना झाल्यासारखा बाहेर आला. "बेचाळीस दिवस. सगळं खोटं आहे ते."

खाटेवर ऑपरेटरबाईंचा तळवा छातीवरच थांबला होता. डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. ओरडावं की काय, याचा ते विचार करत असावेत. पण ओरडायलाही दम लागतो आणि सकाळपासून ठिकठिकाणी तपासलेल्यांत ऑपरेटरबाई बहुतेक दहाव्या पेशंट होत्या.

"मला वर दोन तास काम आहे," ते म्हणाले. "उतरताना बघतो. तोवर सही नाही."

ते साडेबाराला उतरले. तोवर मावशी सात नंबरशेजारी नुसती बसून होती. ऑपरेटरबाई बोलल्या नाहीत आणि हिनेही बोलवलं नाही. बारा वाजून गेल्यावरसुद्धा त्यांनी आधी पाणी मागितलं आणि मग पदर सारखा केला.

"नाव सांगाल?"

त्यांनी सांगितलं, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावांसकट.

"आजचा वार?"

"गुरुवार."

"तारीख?"

त्यांनी सांगितली. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"ती काल होती."

"असेल. मला दिसत नाही, डॉक्टर, आणि इथे कुणी तारीख सांगत नाही. भिंतीवर कॅलेंडर असेल तर तुम्हीच बघा."

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. कॅलेंडर होतं. त्याच्यावर मागचा महिना होता. मोठ्या सिस्टर पुढे झाल्या आणि त्यांनी आवाज न करता पान उलटलं.

"शंभरातून सात वजा करत जा बरं."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. किती खाली उतरू? शेवटी दोन उरतात."

डॉक्टर पहिल्यांदाच थोडेसे हसले. त्यांनी फळ्यावरचा सात नंबर पुसायला सांगितलं आणि फाईलवर काहीतरी लांबलचक लिहिलं. या वेळी मोठ्याने न उच्चारता. मग उठता उठता थबकले.

"सिस्टर, या वर्षात वर कोण कोण हलवले? त्यांचे दुपारचे तक्ते कुणी भरलेत?"

मोठ्या सिस्टरांनी मावशीकडे पाहिलं. मावशीला सांगावं लागलं, "मीच. तिघं होते."

हे तिने आजवर स्वतःशीसुद्धा जोडून पाहिलं नव्हतं. तीन खाटा रिकाम्या झाल्या होत्या, चादरी बदलल्या होत्या, दुसरी माणसं आली होती. त्यांतला पाच नंबर शिंपी होता. त्याच्या तक्त्यावर 'आक्रमक' असं असायचं. मावशीबरोबर तो कधी चढ्या आवाजातही बोलला नव्हता. तिच्या फाटक्या पिशवीचा बंद त्याने एकदा मागून घेऊन शिवून दिला होता.

"मग ते तिन्ही निर्णय मला पुन्हा बघावे लागतील," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या गुरुवारी. तोवर त्यांच्याजवळ बसून कुणीतरी खरं लिहून ठेवा."

ते गेल्यावर मोठ्या सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "मेमो द्यावा लागेल मला. त्यात काय लिहू? कामात हयगय लिहिलं तर चौकशी होईल. वयामुळे झेपत नाही, एवढंच लिहिते. त्याने निभावेल." त्या वाईट नव्हत्या. त्यांना खरोखर मदत करायची होती.

"हयगयच लिहा," मावशी म्हणाली. "वयाचं नका लिहू. वयाने काही केलेलं नाही."

ऑपरेटरबाईंनी ते ऐकलं. आभार वगैरे त्यांनी मानले नाहीत. मावशीने त्यांच्या पायांवर पांघरूण घातलं तेव्हा म्हणाल्या, "आधी वर जा. माझ्याशी संध्याकाळी बोल. मी आहे इथेच."

दोन मजले चढायला मावशीला तीनदा थांबावं लागलं. वरच्या बाईने कडी काढून आत घेतलं. दुधी काचांतून उजेड येत होता, पण तो कुठल्या बाजूचा ते समजत नव्हतं. शिंपी भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो बारीक झाला होता आणि त्याची नखं वाढली होती.

"काका," मावशी म्हणाली. हा शब्द त्याच्यासाठी तिने याआधी कधी वापरला नव्हता. "मी खालची, दुपारची. ओळखलंत?"

त्याने वळून पाहिलं. ओळख होती की नव्हती, त्याच्या डोळ्यांवरून सांगता येईना. पाच महिन्यांत इथे कुणी त्याला काही विचारलं असेल, असं वाटत नव्हतं. आणि आता विचारल्यावर उत्तर कुठून काढायचं, हे तो शोधत असावा. किंवा उरलंच नसेल.

वरच्या बाईने तक्ता आणून दिला. "लवकर उरका हं मावशी, माझी जेवायची वेळ झाली."

"तू जेवून घे," मावशी म्हणाली. "मी बसते."

तिने तक्ता मांडीवर पालथा ठेवला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि तो काय म्हणतो याची वाट पाहत बसली.